पप्पांचा माल

६ ऑक्टोबर, सोमवार

राजेशसरांनी सकाळी ऑफिसात बोलावलं. मुंबईच्या ज्या ट्रॅव्हल कंपनीशी ते गेलं वर्षभर बोलत होते, ती आपले ग्रुप आमच्या रिसॉर्टला पाठवायला तयार झाली आहे. रायगड, प्रतापगड, शिवथरघळ बघायची आणि मुक्काम पोलादपूरला आमच्याकडे. पण त्यांची अट आहे. आम्ही काय विकत घेतो, कुणाकडून घेतो आणि वापरून झाल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे सगळं त्यांना दाखवायचं. एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद. भाजी, तांदूळ, दूध जमेल तितकं जवळपासचं. जानेवारीत त्यांचा माणूस येऊन बघून जाईल आणि मगच करार.

खरेदी माझ्याकडे, म्हणजे हे सगळं माझ्यावर आलं. खरं लिहायचं तर मला आनंद झाला. इथे आल्यापासून मी कांदे-बटाट्याचे आणि फिनेलचे भाव विचारत बसले आहे. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय की बाई, तू हे घेतेस ते का घेतेस.

बाहेर पडताना सर म्हणाले, पार्सलचे डबे, चंदेरी प्लेटा, पाण्याच्या छोट्या बाटल्या, सगळं तुझ्या पप्पांच्या दुकानातून येतं. त्यांच्याशी मी बोलू की तू बोलतेस? मी म्हटलं, मीच बघते.

१० ऑक्टोबर

पत्र तयार केलं. अर्धं पान, इंग्रजीत, सगळ्या पुरवठादारांना एकच. कुणाचा कुठला माल पुढच्या महिन्यापासून घेणार नाही, ते खाली स्वच्छ लिहिलं. सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं.

पप्पांना वेगळं काही लिहिलं नाही, हे मुद्दाम. मी इथे लागल्यापासून कुणी ना कुणी कुजबुजत असतं की उतेकरांची मुलगी उतेकरांचाच माल घेते. खरं तर त्यांचा माल माझ्याही आधीपासून इथे येतो आणि माझा अर्ज सरांपर्यंत त्यांनीच पोचवला होता. असो. आता कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

दुपारी पप्पांचं उत्तर आलं. नुसता अंगठा. मला वाटलं होतं फोन येईल, थोडा वाद होईल. तसं काही झालं नाही. धंदा करणाऱ्या माणसाला धंदा कळतो. डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

महाडला घरी. पप्पा दुकानातून उशिरा आले. मी जाता जाता दुकानात डोकावले होते, तर माळ्यापर्यंत खोकी रचलेली. विचारलं तर म्हणाले, सीझनच्या आधी भरतोच मी, दरवर्षी. ते खरं आहे. सहली सुरू झाल्या की माल मिळत नाही.

जेवताना त्यांनी एकच विचारलं. "पत्र सगळ्यांनाच पाठवलंस?"

मी म्हटलं, हो, सगळ्यांना सारखंच. ते बरं म्हणाले आणि ताटावरून उठले.

स्वयंपाकघरात आई म्हणाली, एक फोन तरी करायचास. मी म्हटलं, अगं, धनत्रयोदशीला नाही का केला, चांगली तासभर बोललो आपण. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुधाखालचा गॅस बंद केला. आईचं हल्ली असंच झालंय. अर्धं बोलते आणि अर्धं ठेवून देते.

१२ नोव्हेंबर

कामाला वेग आलाय. खोल्यांतून बाटल्या काढल्या, पुण्याहून मागवलेले स्टीलचे जग ठेवले. पाहुणे पहिल्या दिवशी बाटली मागतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. भाजी आता वरच्या वाडीतून सकाळच्या एसटीने येते. रखमाकाकू पाट्या घेऊन उतरतात. त्या पप्पांच्याच गावच्या. वाल असतात, तोंडली असतात, कधी नुसतं अळू. आमचे आचारी महिपतदादा वैतागले होते, मेनू लिहू कधी म्हणून. आता एसटी आल्यावर फळा लिहायचा असं ठरलंय.

आज रखमाकाकू वजन होईपर्यंत बसल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "तुझा बापूस वर आला होता गो. सप्त्याला प्लेटा दिल्या, फुकट. खोकी उतरवली नि लगेच गेला. चा पण नाय घेतला."

मला फार बरं वाटलं. पप्पांना गावाकडे जायला कधी सवड नसायची, आई त्यावरून किती वेळा बोलली असेल. आता आमचा माल कमी झाल्यावर जरा उसंत मिळाली म्हणायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी फोन. पप्पा नव्हते. टेम्पो घेऊन गेलेत म्हणे. टेम्पोवरचा माणूस त्यांनी सोडला. ऐन सीझनला माणूस का सोडला ते मला कळलं नाही, आणि आईलाही सांगता आलं नाही.

५ डिसेंबर

आमचा ड्रायव्हर शुभम ग्रुप सोडायला रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला गेला होता. त्याला तिथे पप्पा दिसले. एकेका टपरीवर खोकी उतरवत होते आणि भाव म्हणे अगदीच पाडलेला. टपरीवाल्या बायका खूश. पिठलं-भाकरीची स्टीलची ताटं घासत बसायला नको, म्हणून बऱ्याच जणींनी ती उचलून ठेवली.

चला, माल खपतोय. माझ्या मनात ती माळ्यापर्यंतची खोकी होती, ती काळजी मिटली.

संध्याकाळी ट्रॅव्हल कंपनीसाठी अहवाल लिहिला. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची खरेदी: शून्य. हा शब्द लिहायला मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

२८ डिसेंबर

सगळ्या खोल्या भरलेल्या. लिहायला वेळ नाही. नाताळला घरी जाता आलं नाही. आईने कुणाबरोबर तरी लोणचं पाठवलं, पप्पांनी काही निरोप दिला नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

कंपनीचा माणूस आला. बुद्धरत्न तांबे. चाळिशीचे, शांत, खांद्याला जुनी पिशवी. मी मुंबईच्या माणसाला दाखवायची तशी सगळी तयारी केली होती, आणि ते निघाले मूळचे बिरवाडीचे. म्हणजे सावित्रीला पाणी कधी चढतं नि एसटी कधी चुकते, हे त्यांना सांगायची गरज नाही.

सकाळपासून त्यांनी स्टोअर बघितलं, स्वयंपाकघर बघितलं, भांडी घासायची जागा आणि तिथलं पाणी कुठे जातं ते बघितलं. रखमाकाकूंना विचारलं, पैसे वेळेवर मिळतात का. काकू म्हणाल्या, नायतर मी आले असते का रोज? त्यांनी ते लिहून घेतलं. सर आनंदात होते.

दुपारनंतर तांबे म्हणाले, तुमचे पाहुणे जिथे जातात तिथेही जाऊन येऊ. शुभमने गाडी काढली, शिवथरला गेलो. घळ बघून परत येताना वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याखालच्या ओढ्यात उतरले. मीही मागोमाग.

ओढा चंदेरी दिसत होता. प्लेटा मुळांत अडकलेल्या, दगडांखाली दबलेल्या. पार्सलचे डबे. माकडं त्यातलं चाटून फाडून टाकत होती. कुठल्यातरी सहलीचं जेवण झालं असणार, आणि एका सहलीचं नव्हतं ते. मी म्हणायला लागले की हे आमच्या पाहुण्यांचं नाही, आमच्याकडे तर... आणि तेवढ्यात खोकं दिसलं. उतेकर पॅकेजिंग, बाजारपेठ, महाड. खाली फोन नंबर.

मी पुढे झाले आणि पायाने ते खोकं उलटं केलं. हे मी केलं, म्हणून लिहिते आहे.

तांब्यांनी आधीच वाचलं होतं. म्हणाले, "उतेकर म्हणजे तुमच्यातलेच कुणी?"

पोलादपूर तालुक्यात उतेकर पुष्कळ आहेत. तसं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. शब्द तोंडापर्यंत आले होते.

"माझे वडील," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, आधी तुम्हाला माल तेच द्यायचे का. मी हो म्हटलं. त्यांना बंद केल्याचं कसं कळवलं, असं विचारलं. मी फोनमधलं पत्र दाखवलं. ओढ्यात उभ्या उभ्या त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि फोन परत दिला. वडिलांना इंग्रजी येतं का, एवढंच विचारलं. आम्ही गाडीत येऊन बसलो, आणि पोलादपूरपर्यंत ते रस्त्यावरच्या कामाबद्दल शुभमशी बोलत होते.

ते अहवालात काय लिहिणार ते माहीत नाही. करार गेला तर सर मला ठेवतील असं वाटत नाही. पण आत्ता डोक्यात ते नाही. पप्पांनी अंगठा पाठवला होता, तेव्हा त्यांनी नक्की काय वाचलं होतं?

१८ जानेवारी, रविवार

सकाळच्या एसटीने महाडला. घरी न जाता सरळ दुकानात. पप्पा एकटेच होते. माळा जवळजवळ रिकामा झालेला, खाली थोडी खोकी उरलेली.

मी शिवथरच्या ओढ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी विचारलं, सगळीकडे दिल्या का प्लेटा. म्हणाले, दिल्या, ठेवून काय करू? पुराच्या वेळी सगळा माल डोळ्यादेखत गेला, आता परत तेच बघत बसू?

मग म्हणाले, "तू घेणं बंद केलंस गो. माल बंद नाय झाला. तुझ्या गेटातून आत जायचा, तो तिकडं गेला."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंत. माल अंगावर पडलाय, वेळ दे, असं नुसतं म्हणायचं होतंत.

ते सुतळीचा गुंडा हातात घेऊन त्याचं टोक शोधत बसले. ते सापडल्यावर बोलले. "पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मला वाटलं सीझनची ऑर्डर हाय. दरवर्षी त्याच सुमाराला येते. म्हणून बाजूच्या मेडिकलच्या रितेशला हाक मारली. म्हटलं, वाच रे, पोरीनं काय काय मागवलंय बघ."

सुतळीचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं.

"तो वाचत गेला नि मधेच थांबला. मी म्हटलं, वाच, वाच."

एवढंच सांगून ते गल्ल्यामागे जाऊन बसले. समोरून कुणीतरी द्रोण मागायला आलं, त्यांनी ते काढून दिले. मी चुकलं माझं असं म्हटलं, पण गिऱ्हाईक होतं, त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तेवढ्यात आई त्यांचा डबा घेऊन आली. मला बघून तिला सगळं कळलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही. डबा एकाचाच होता, तिने तो तिघांत वाटला. पप्पांनी आपल्यातला मासा माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, जेव आता.

परत येताना एसटीत मला दिवाळीतलं आईचं बोलणं आठवलं. फोन तरी करायचास.

२० जानेवारी

सरांशी बोलले. म्हटलं, आपल्यासाठी म्हणून ज्यांनी माल भरला, त्याचं काहीतरी आपण करायला हवं. किमान उरलेली बंद खोकी उचलावी आणि नीट कुठेतरी पाठवावी. सर म्हणाले, आपण घेतलेलाच नाही तो माल परत कसा घ्यायचा? कागदावर त्यांचं बरोबर आहे. मी म्हटलं, दरवर्षी घेत होतो म्हणून त्यांनी भरला. ते म्हणाले, वडील आहेत म्हणून तुला तसं वाटतं.

असेल. दुसरा कुणी उतेकर असता तर मी त्या ओढ्याकडे दोनदा बघितलं असतं का? मला खात्री नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर सुट्टी घेऊन ओढ्यावर गेले. पप्पा टेम्पो घेऊन आले, आई पण आली. मी त्यांना बोलावलं नव्हतं, मी जाणार आहे एवढंच फोनवर सांगितलं होतं.

दिवसभर वेचलं. बोलणं फारसं झालं नाही, कमरा दुखायला लागल्या होत्या. पप्पांनी एका खोक्यावरचं दुकानाचं नाव नखाने खरवडायला घेतलं, मग ते सोडून दिलं आणि खोकंच दुमडून पोत्यात घातलं.

भंगारवाल्याने पार्सलचे डबे घेतले. चंदेरी प्लेटा नाही घेतल्या. म्हणाला, हे कागदात पण नाय जात नि प्लास्टिकमध्ये पण नाय. ती पोती सध्या पप्पांच्या माळ्यावर आहेत. त्यांचं काय करायचं ते अजून सापडलेलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचं उत्तर आलं. या सीझनपुरता करार केला आहे, पुढचं पुढच्या वर्षी बघणार. सर खूश. तांब्यांनी अहवालात ओढ्याचं लिहिलं आहे, पप्पांचं नाव घेतलेलं नाही. एक अट वाढवली आहे: कुठल्याही पुरवठादाराचा माल बंद करताना त्याला भेटून सांगायचं आणि हातातला माल संपवायला किंवा परत करायला वेळ द्यायचा. सरांनी तो परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, हे तुझं काम दिसतंय. मी म्हटलं, नाही, त्यांचंच आहे.

एक अडचण मात्र उभी राहिली आहे. रायगडला जाणाऱ्यांना दुपारचं जेवण आता स्टीलच्या डब्यांत बांधून देतो. जातात सगळे, परत येतात निम्मे. पाहुणे ते गडावर विसरतात, टपरीवर ठेवतात, गाडीखाली ठेवतात. रोज हिरकणीवाडीहून डबे गोळा करून, धुऊन आणणारा कुणी मिळत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार पुरवठादारांचा. बाहेरच्या बाकावर सगळे बसतात, एकेकाला आत बोलावते. आज बाकावर रखमाकाकूंच्या शेजारी पप्पा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. मी उठून बाहेर गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं, आधी काकूंचा नंबर होता.

आपला नंबर आल्यावर आत आले आणि नमस्कार मॅडम म्हणाले. चेहरा सरळ होता. थट्टा होती की काय, मला कळलं नाही. मीही नमस्कार केला.

त्यांनी पिशवीतून कागदी ग्लास काढले. घाऊकवाल्याने उरलेली बंद खोकी परत घेतली आणि बदल्यात हे दिले, असं म्हणाले. "कागदाचे हायत. प्लास्टिक नाय."

मी ग्लास हातात घेतला आणि मला लगेच कळलं, आतून प्लास्टिकचा थर आहे. विचार करून कळवते म्हणायचं आणि संध्याकाळी मेसेज टाकायचा, हे मी दर मंगळवारी कितीतरी जणांच्या बाबतीत करते. आज उठून दार लावून घेतलं. किटलीतलं गरम पाणी ग्लासात ओतून ठेवलं. तोवर आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मग पाणी टाकून ग्लास शिवणीवर फाडला, आतून नखाने पापुद्रा सोडवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. ताणून बघितला. ताणला गेला.

"मला कागदाचे बोलले."

"सगळ्यांना तसंच सांगतात, पप्पा. मला हे नाही घेता येणार."

"एक पण खोकं नाय?"

"नाही."

त्यांनी पापुद्रा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. घाऊकवाल्याला दाखवतो, म्हणाले. मला वाटलं आता उठतील. उठले, पण पिशवी खुर्चीवरच ठेवली.

"मग तुला लागतं काय, ते तरी दाखव."

मी त्यांना स्टोअरमध्ये नेलं. जग, पोती, तेलाचे डबे बघत बघत ते जेवणाच्या डब्यांपाशी थांबले. एकाचं झाकण उघडून लावलं, परत उघडलं. म्हणाले, कडी ढिली हाय, रस्सा गळत असणार. गळतो. महिपतदादांना आणि मला माहीत होतं, सरांना अजून सांगितलेलं नाही. मग मी डबे परत येत नाहीत तेही सांगितलं.

हिरकणीवाडीतली प्रत्येक टपरी त्यांना माहीत आहे. डिसेंबरभर ते तिथेच तर फिरत होते. म्हणाले, बायकांना धुण्याचे पैसे मिळाले तर त्या डबे धुऊन ठेवतील, मी टेम्पोने आणीन. आणि लगेच विचारलं, हरवलेल्या डब्याची भरपाई कुणाची?

मी म्हटलं, आणणाऱ्याची.

"नाय. नेणाऱ्याची. तुझे पाहुणे नेतात, मी नाय नेत."

मी म्हटलं, मग आणणारा नीट शोधणारच नाही. ते म्हणाले, पाहुण्यानं दरीत टाकला तर मी दरीत उतरू? असं बराच वेळ चाललं. बाकावरचे बाकीचे पुरवठादार खोळंबले होते, त्यांना उरकून मी परत स्टोअरमध्ये आले तर पप्पा पोत्यावर बसून डब्यांच्या कड्या एकेक करून घट्ट करत होते. पुन्हा तोच वाद. शेवटी महिपतदादांनी दोघांची ताटं तिथेच आणून दिली.

जेवता जेवता मी म्हटलं, पाहुण्यांकडून अनामत घेऊ, डबा परत दिला की परत.

पप्पांनी भाकरी मोडायची थांबवली. "नि ते द्यायला तयार नाय झाले तर?"

"तर त्यांना केळीच्या पानात बांधून देऊ."

"पानं मी नाय आणणार. ते तू बघ."

उद्या ते हिरकणीवाडीला बायकांशी बोलायला जाणार आहेत. त्या काय म्हणतात त्यावर पुढचं. सरांना अजून विचारायचं आहे. ठरलेलं काहीच नाही.

पप्पा निघाल्यावर आईला फोन केला, ते इथेच जेवले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, भाकऱ्या किती खाल्ल्या? मी सांगितलं.

"मग ठीक हाय," ती म्हणाली.